भिंतीकडची माती

"आधी मातीकडे बघावं, मग माणसाकडे."

सालोमीबाई रणभिसे हे वाक्य इतक्या वेळा बोलायची, की ग्वाल्हेरच्या पडाव भागातल्या त्या छोट्या चर्चमधल्या माणसांना ते ऐकूच येईनासं झालं होतं. रुळांशेजारी राहणाऱ्याला गाडी ऐकू येत नाही, तसं. कुणी चहाडी घेऊन आलं, अमक्याची सून अशी, तमक्याचा जावई तसा, की हातातलं काम न थांबवता ती म्हणायची, "आधी मातीकडे बघावं."

एकदा मंजिरीनं तिला विचारलं होतं, "मावशी, मातीत काय बघायचं?"

"येशू प्रभूनं काय बघितलं? व्यभिचारात धरली म्हणून एका बाईला फरफटत आणली लोकांनी. ज्याच्या त्याच्या हातात दगड. म्हणाले, सांग, मारायचं का नाही? तो काही बोलला नाही. वाकला, आणि मातीवर बोटानं लिहीत बसला. दगड धरून हात अवघडले लोकांचे, तरी हा मातीतच. मग उठला, मग बघितलं वर. मी म्हणते, सगळं जाणणाऱ्याला जर थांबावंसं वाटलं, तर आपल्याला कसली घाई?"

"पण त्यानं लिहिलं काय?"

"ते कुणाला वाचता आलंय?" म्हणत सालोमीबाई हसली होती. हसली की तिच्या पुढच्या दातांमधली खिंड दिसायची आणि म्हातारी एकदम पोरीसारखी वाटायची.

मंजिरीही हसली होती. गोष्ट जुनी होती, लहानपणी रविवारच्या शाळेत पाठ केलेली. पाठ झालेल्या गोष्टीचं हेच वाईट असतं. ती जिभेवर राहते आणि वेळेला हाताला सापडत नाही.

सालोमीबाई मूळची नगरकडची. छोट्या लाइनच्या, म्हणजे नॅरोगेजच्या गाडीवर काम करणाऱ्या नवऱ्याशी लग्न करून ती ग्वाल्हेरला आली. नवरा गेला. पुढे ती छोटी गाडीही बंद झाली, रूळ गवतात बुडाले. सालोमीबाई मात्र राहिली. पडावावरच्या एका लॉजच्या चादरी ती धुवायची आणि त्याच लॉजच्या मागच्या खोलीत राहायची. "परक्या माणसांच्या झोपेचे डाग असतात," ती म्हणायची. "बघायचे नाहीत. धुवायचे."

संध्याकाळी हात कोरडे झाले, की ती टोपली आणि खुरपं घेऊन कबरस्तानात जायची. फाटकाची चावी कोणे एके काळी तिच्याकडे आली होती आणि तिच्या कमरेलाच राहिली होती. ती तिथं काय करते, हे कुणी कधी विचारलं नाही. गवत काढत असेल. म्हातारी विधवा, ना मूल ना बाळ, जाईल कुठं बिचारी, असं म्हणून लोक आपापल्या वाटेनं जायचे.

ग्वाल्हेरात मराठी माणूस नवा नाही. लष्कर भागात गल्ल्यागल्ल्यांतून पाट्यांवर मराठी आडनावं दिसतात. कुणाचा पणजोबा दरबारात होता, कुणाचा घोड्यावर. पण मराठी ख्रिस्ती म्हणजे मूठभर घरं. उपासना हिंदीत चालायची. महिन्याच्या शेवटच्या रविवारी तेवढं एक मराठी गीत, आणि त्या गीताला म्हाताऱ्यांचे डोळे भरून यायचे. मूठभर माणसांत माया दाट असते. कुजबुजही तेवढीच दाट असते.

त्या मूठभरांतलं एक घर मंजिरीचं. ती महाराज बाडा चौकाजवळच्या एका शाळेत शिकवायची. तिचा नवरा उत्कर्ष बँकेत होता. कमी बोलणारा माणूस. इतका कमी, की घरात आहे की नाही ते त्याच्या चपलांवरून ओळखावं लागायचं.

लग्नानंतर लवकरच त्यांना मुलगी झाली होती. झाली म्हणायचं एवढंच, कारण ती रडली नाही. मंजिरी तापात होती, कित्येक दिवस तिला दिवस-रात्र कळली नाही. शुद्धीवर आली, तेव्हा उत्कर्ष सगळं उरकून तिच्या पलंगाशी बसला होता.

"कुठं ठेवलंस तिला?"

"चांगल्या जागी."

"मला दाखव."

"बरी हो. मग."

ती बरी झाली, पण 'मग' काही आलं नाही. तिनं विषय काढला की उत्कर्ष उठायचा आणि माठातलं पाणी प्यायचा. एकदा ती हट्टालाच पेटली, तेव्हा तो एवढंच म्हणाला, "तिथं बघायला काही नाहीये, मंजिरी."

ते वाक्य तिच्या काळजात कुसळासारखं जाऊन बसलं. पोटच्या पोरीच्या जागेला हा माणूस 'काही नाहीये' म्हणतो! त्या दिवशी तिनं मनातल्या मनात त्याचा निवाडा करून टाकला. माणूस दगड आहे. मग तिनं पुन्हा विचारलं नाही. दुसरं मूल झालं नाही. संसार मात्र झाला, चांगला झाला. दोघं एकमेकांचं दुखणंखुपणं काढायचे, एका ताटलीत आंबे खायचे. पण तिच्या मनातला तो निवाडा कधी फिरला नाही.

दर शनिवारी उत्कर्ष दाल बाजारातून किराणा आणायला जायचा आणि दिवेलागण उलटून गेली तरी परतायचा नाही. आला की हातात डाळ-तांदळाची थैली, तोंड धुतलेलं, केस ओले.

"डाळ तिथं पेरून, उगवल्यावर आणतोस का रे?" मंजिरी टोमणा मारायची.

"आज पीक जरा उशिरा आलं," तो म्हणायचा आणि थैली ठेवायचा.

त्याच्या बुटांच्या टोकांना पिवळट भुकटी लागलेली असायची. दाल बाजारात असली भुकटी कुठून येते? मंजिरीच्या मनात नको नको ते यायचं. एक-दोनदा तिनं त्याचा सदरा नाकाशी धरून पाहिला होता. घामाचाच वास होता. मग ती बूट झटकायची आणि पलंगाखाली सारायची. विचारायची नाही. विचारायचं सोडून देण्याची तिला सवय झाली होती.

उत्कर्ष गेला तो थंडीत, धुक्याच्या दिवसांत. बँकेत खुर्चीवर बसल्या बसल्या मान खाली गेली, ती वर आलीच नाही.

आता कबरीचं एक साधं गणित असतं. पेटी आत गेली, की तिच्या जागेची माती वर उरते. थोडीचा उंचवटा करतात, बाकीचा ढीग बाजूला ठेवतात. पावसात माती खचते, तेव्हा भर घालायला तो ढीग कामी येतो. एक पावसाळा जाऊन माती नीट बसल्याखेरीज वर दगड बसवत नाहीत.

तिसऱ्या दिवसाची प्रार्थना कबरीवर झाली. माणसं पांगली. मंजिरी घरी आली आणि तिला घरात बसवेना. ऊन कलता कलता ती एकटीच परत निघाली. कबरस्तानाचं फाटक उघडं होतं. आत कडुनिंबाखाली धुकं उतरायला लागलं होतं, आणि त्या धुक्यात उत्कर्षच्या कबरीशी कुणीतरी ओणवं होतं.

सालोमीबाई. पांढरं फडकं अंथरलेल्या टोपलीत ती त्या ताज्या ढिगाची माती भरत होती. खुरप्यानं नाही, ओंजळीनं. ओंजळ भरायची, टोपलीत सोडायची, आणि प्रत्येक ओंजळीला तिचे ओठ हलायचे.

मंजिरी जागीच थांबली. ताज्या कबरीच्या मातीचं काय करतात, हे या मुलखात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. उंबऱ्यात पुरली तर घर बसतं. पाण्यातून पाजली तर माणूस झुरतो. दोन पावलं पुढं जाऊन तिनं विचारलं असतं, "मावशी, ही माती कुठं नेताय?" तर गोष्ट तिथंच मिटली असती. पण ती मागच्या मागं सरकत फाटकाबाहेर आली आणि पडावाच्या गर्दीत शिरेपर्यंत थांबली नाही.

उचलली जीभ, लावली टाळ्याला. त्या संध्याकाळी तिनं एका बाईला फोन केला. त्या बाईनं दुसरीला केला. चर्चच्या मोबाइलवरच्या ग्रुपमध्ये कुणी काही लिहिलं नाही, फक्त हात जोडलेली चित्रं पाठवली. दुसऱ्या दिवशी चर्चच्या कमिटीचे सेक्रेटरी अभिराम सर मंजिरीकडे आले.

"देखिए मंजिरी, आपण ख्रिस्ती लोक. आपण असलं टोना-टोटका मानत नाही," ते म्हणाले.

"मीही मानत नाही, सर."

"बिलकुल. पण..."

त्या 'पण'मध्ये सगळं आलं. चहा पिऊन होईपर्यंत कमिटी बोलवायचं ठरलं.

रविवारी उपासना झाल्यावर आतल्या खोलीत माणसं जमली. पाळकसाहेब तरुण होते, नव्यानंच आलेले. ते खिडकीशी उभे राहिले आणि बोलायचं अभिराम सरांवर सोपवलं.

"सालोमीबाई, उत्कर्षच्या कबरीची माती तुम्ही नेली?"

"नेली."

"हां की ना, सरळ सांगा."

"सरळच सांगितलं की. नेली."

"ताज्या कबरीची माती लोक कशाला नेतात, माहीत आहे ना?"

"लोकांचं लोकांना माहीत."

मागून कुणीतरी दबक्या आवाजात म्हणालं, "स्वतःचा नवरा खाऊन झाला, आता दुसऱ्यांचे." बोलणारीला कुणी दटावलं नाही. एक-दोघी तर पदर तोंडाला लावून हसल्यासुद्धा.

सालोमीबाई सावकाश वळली. तिनं मंजिरीकडे पाहिलं. "मंजिरी, तुला उत्कर्षनं कधी..." ती थांबली. मंजिरीच्या तोंडाकडे बघत राहिली, जणू तिथं काही लिहिलंय आणि ते वाचायला तिला वेळ लागतोय.

"त्याचं नाव घेऊ नका तुमच्या तोंडानं!" मंजिरी ओरडली.

सालोमीबाईची नजर खाली गेली. खाली माती नव्हती, चकचकीत फरशी होती. तिनं कमरेची चावी सोडली, टेबलावर ठेवली. "बरं," म्हणाली. तिच्या तोंडून त्या खोलीत निघालेला तो शेवटचा शब्द. माती कुठं नेली, एवढा एक प्रश्न खोलीतल्या कुणालाही सुचला नाही.

चावी गेली, तरी पुढच्या रविवारी सालोमीबाई उपासनेला आली. तिच्या बाकावर दोन्हीकडे जागा मोकळी राहिली. त्या दिवशी प्रभुभोजन होतं. त्या चर्चमध्ये द्राक्षरसाचा एकच पेला सगळ्यांच्या ओठांना लावत फिरवतात. सालोमीबाईनंतर ओळीत मंजिरी होती. पेला आला, तेव्हा मंजिरीनं तो हातात फिरवला, पदरानं त्याची कड पुसली, आणि मग ओठाला लावला. सालोमीबाई बाजूला उभी होती. तिनं ते पाहिलं.

त्यानंतर ती चर्चला आली नाही.

पावसाळा आला, आणि त्या वर्षी तो हात धुऊन मागं लागल्यासारखा आला. कबरस्तानाची मागची भिंत एका अंगानं कोसळली. रस्त्याचं पाणी त्या खिंडारातून आत शिरलं आणि फाटकातून बाहेर पडलं.

त्याच दिवसांत मंजिरीला घरात आवाज यायला लागला. भर दुपारी, ती वह्या तपासत बसली असताना, पलंगाच्या बाजूनं. टोपलीतून माती ओतावी, तसा. आधी सरकन, मग भुरभुर, मग काही नाही. ती उठून बघायची. पलंगाखाली उत्कर्षचे बूट असायचे आणि त्यांच्या टोकांवर ती पिवळट भुकटी. शेवटच्या शनिवारची. ती झटकायचं तिच्या हातून राहून गेलं होतं आणि आता धीर होत नव्हता.

'म्हातारीनं केलं,' तिला वाटायचं. पाळकसाहेब येऊन प्रार्थना करून गेले. अभिराम सरांच्या बायकोनं तेल लावून दाराच्या चौकटीवर क्रूस काढला. आवाज थांबला नाही. आवाजात राग नव्हता, ते तिला जास्त भीतीचं वाटायचं. कुणीतरी आपलं रोजचं काम रोजच्या वेळेला करत असावं, असा तो शांत आवाज होता. कधी कधी झोपेत तिला दिसायचं, की जमीन हळूहळू खाली बसते आहे आणि त्या जमिनीवर उभं राहून कुणीतरी लहान मंजिरीकडे बघतं आहे. तोंड दिसायचं नाही. तोंड तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

पाऊस सरला. ऊन पडलं. मंजिरीनं दगड बसवायला सूर्याजीला बोलावलं. सूर्याजीचे पूर्वज शिंद्यांच्या फौजेत भाला घेऊन आले होते. सूर्याजीच्या हातात छिन्नी आली. लष्करातले कितीतरी ओटे, देव्हारे आणि कबरीवरचे दगड त्याच्या हातचे. त्यानं उत्कर्षच्या कबरीत लोखंडी सळई टोचून पाहिली.

"माती बसली, भाभी. आता पत्थर हलणार नाही." मग इकडे तिकडे पाहत म्हणाला, "बाजूला ढीग होता ना इथं? मीच म्हटलं होतं ठेवा म्हणून. पावसानं वाहून गेला का?"

"पावसाच्या आधीच गेला. सालोमीबाईनं नेला."

"हां, मग ठीक. भिंतीकडे घातला असेल, मुलीवर."

"कुणाच्या मुलीवर?"

सूर्याजी सळई पुसत होता. त्याचा हात थांबला. त्यानं वर पाहिलं आणि त्याच्या तोंडावरचा रंगच उतरला.

"भाभी... मला वाटलं, नंतर तरी साहेबांनी तुम्हाला..."

"कुणाच्या मुलीवर, सूर्याजी?"

तो खाली बसला. बसल्यावरच बोलता येईल असं त्याला वाटलं असावं. "तुमच्या. मागच्या भिंतीकडे लहान लेकरं आहेत ना, बिननावाची. साहेब दर शनिवारी यायचे. मी इथं कामाला असलो की दिसायचे. किराण्याची थैली बाजूला ठेवून भिंतीला टेकून बसायचे. सालोमीबाई माती घालायची, साहेब हातानं थापायचे. लेकरांची कबर लवकर खचते, भाभी. भर घालत राहिलं नाही तर दोन पावसांत सपाट होते. मग एखाद्या दिवशी तिथंच दुसऱ्यासाठी खोदतात."

मंजिरीही त्याच्यासमोर मातीत बसली.

"एकदा मीच विचारलं, साहेब, एक लहानसा पत्थर लावून देऊ का? तर म्हणाले, नको. बाप्तिस्मा झालेला नव्हता, तेव्हाच्या वडीलधाऱ्यांनी ओळीत जागा दिली नाही. प्रार्थनाही नाही. ती सालोमीबाईनं म्हटली. म्हणाले, मंजिरीला हे कळलं तर ती या चर्चची पायरी चढणार नाही, आणि आम्हाला इथं दुसरं आहे कोण? कळू नये तिला." सूर्याजीनं डोक्याचा गमछा काढून तोंड पुसलं. "हसून एकदा असंही म्हणाले होते, सालोमीबाई, मी गेलो की माझी उरलेली माती पोरीला घाला. बाहेरून आणायला नको."

मंजिरी उठली आणि भिंतीकडे गेली. इतक्या वर्षांत ती त्या बाजूला कधी फिरकली नव्हती. भिंत जुन्या वाळूच्या दगडाची होती. जिथं उभी होती, तिथं तिची भुकटी झडत होती, पिवळट. जिथं पडली होती, तिथून दगड गडगडत आत आले होते. त्यांच्यावर गाळ, गाळावर कमरेएवढं रान. उंचवटा नाही, खूण नाही. खाली वाकून तिनं रान दोन्ही हातांनी बाजूला केलं. तिथं बघायला काही नव्हतं.

उत्कर्षचं वाक्य आता कुठं खरं झालं होतं. आणि ते मंजिरीनं खरं केलं होतं.

तिथून ती तडक लॉजवर गेली. गच्चीवर चादरी वाळत होत्या आणि त्यांच्या मधून सालोमीबाईचे पाय तेवढे दिसत होते. मंजिरी चादर बाजूला सारून तिच्यासमोर उभी राहिली. म्हातारी सुकली होती. तिनं मंजिरीकडे पाहिलं, मग मंजिरीच्या चिखलानं भरलेल्या हातांकडे.

"सूर्याजी बोलला वाटतं," ती म्हणाली. "त्याच्या पोटात काही राहत नाही."

"मावशी, तुम्ही का नाही सांगितलं?"

"मला वाटलं होतं तुला ठाऊक असेल. निदान जाण्याआधी कधीतरी त्यानं सांगितलं असेल. मग त्या दिवशी तुझं तोंड बघितलं आणि कळलं, हिला काहीच ठाऊक नाही. आता तेवढ्या माणसांत कसं सांगू? त्यांच्या टेबलावर तुझी पोर कशी ठेवू?"

"नंतर सांगायचं. घरी येऊन."

"तू पेला पुसलास, मंजिरी." सालोमीबाईनं चादरीची घडी घालायला घेतली. "मग माझे पाय तुझ्या दाराकडे वळेनात. मीही माणूसच. मलाही राग आला. राग धरून बसले, तेवढ्यात पाऊस आला."

मंजिरी खाली बसली आणि तिनं तिचे पाय धरले. "मला माफ करा."

"अगं, ऊठ. माफ तर मी कधीचंच केलंय. पण माफ केल्यानं माती उठून उभी राहते का?"

मंजिरी उठली. खाली पडावावर टेंपोवाले सवाऱ्यांना हाका मारत होते.

"मला एकदा येऊन जागा दाखवा," मंजिरी म्हणाली. "तुमच्याशिवाय कुणाला ठाऊक नाही. एवढं करा."

"उद्या भाचा येतोय न्यायला. नगरला. आता हातानं चादरी पिळवत नाहीत." सालोमीबाईनं घडी बाजूला ठेवली. "स्टेशनवर जाताना येते."

सकाळी मंजिरी फाटकाशी उभी होती. अभिराम सर चावी घेऊन आले होते. "गलतफहमी झाली. कमिटीकडून त्यांना सांगा, चावी त्यांचीच आहे," असं पुटपुटून ते निघून गेले. सालोमीबाई आली ती गाठोडं काखेत मारून, हातात आपली टोपली घेऊन. भाचा सामान घेऊन पुढं गेला होता. मंजिरीनं चावी पुढं केली. तिनं ती घेतली नाही.

"तुझ्याकडेच असू दे. मी तिकडं कुठलं कुलूप उघडू?"

भिंतीशी आल्यावर तिनं गाठोडं आणि टोपली खाली ठेवली आणि कडुनिंबाकडे पाहिलं, मग उभ्या भिंतीच्या टोकाकडे. मग ती उकिडवी बसली. तळहात जमिनीवर ठेवून दाबायची, पुढं सरकायची, पुन्हा दाबायची. आजाऱ्याचं पोट चाचपावं तसं. उन्हं कडुनिंबावरून खाली आली, तरी म्हातारी मातीवरून हात फिरवतच होती. तिनं रान उपटलं, गाळ खरवडला. शेवटी हात थांबले. त्या जागी जमिनीला दोन खळगे होते, शेजारी शेजारी, ओंजळीएवढे उथळ. डोळ्यांना दिसण्यासारखे नव्हतेच. हाताला तेवढे लागत होते.

"हा?" मंजिरीनं विचारलं.

सालोमीबाईनं हात दुसऱ्या खळग्यावर नेला.

"का हा?"

"मध्ये एक दगड ठेवला होता मी, उभा. तो गेला वाहून." तिचा आवाज एकदम म्हातारा झाला होता. तिनं पुन्हा एका खळग्यावर हात ठेवला, मग दुसऱ्यावर. "कळत नाही गं मला. दोन्ही सारखेच लागतात."

"दुसरा कुणाचा आहे, मावशी?"

"माझा."

मंजिरीला आधी ते समजलंच नाही.

"मुलगा होता," सालोमीबाई म्हणाली. "तोही नाही रडला. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. तेव्हापासून ही माती घालतेय. उत्कर्ष तुझी पोर घेऊन आला, एकटाच, टॉवेलात गुंडाळून. कुठं ठेवू, म्हणून उभा राहिला. मी म्हटलं, इथं ठेव, माझ्या लेकराला सोबत होईल."

ना मूल ना बाळ. सगळं चर्च म्हणत होतं, मंजिरीही म्हणत होती. तिनं तोंडावर हात दाबून धरला. एका संध्याकाळी न विचारलेल्या एका प्रश्नानं दोन आयांची लेकरं हरवली होती. त्यांतली एक आई आता गाव सोडून निघाली होती, आपलं लेकरू कोणतं हे न कळता.

सालोमीबाईनं चिमूटभर माती उचलली. आधी एका खळग्यातली, मग दुसऱ्यातली. दोन्ही तिनं एकाच गाठीत, पदराच्या टोकाला बांधल्या. मग ती मंजिरीच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"दोन्हींवर घालत जा," ती म्हणाली. "एक तुझी, एक माझा. कोण कोण ते ज्याला ठाऊक त्याला ठाऊक. आणि जोरात नको थापू. उत्कर्ष फार जोरात थापायचा, मी ओरडायचे त्याला."

तिनं गाठोडं काखेत मारलं, टोपली तिथंच राहू दिली. फाटकाकडे न जाता ती पडक्या भिंतीच्या खिंडारातूनच निघाली, कारण स्टेशनाला ती वाट जवळची होती. दगडांवरून उतरताना तिनं एका हातानं पदराची गाठ धरली होती. रस्त्यावर गेली, टेंपोंच्या मधून वाट काढत स्टेशनच्या दिशेनं चालत राहिली. पाऊल जड होतं, पण थांबलं नाही. तिनं मागं वळून पाहिलं नाही. नजर खालीच, पायांपुढच्या मातीवर.

खिंडारात मंजिरी तिची टोपली कमरेवर घेऊन उभी होती आणि ती पाठमोरी म्हातारी गर्दीत बारीक होत जाताना पाहत होती. मंजिरीच्या चपलांच्या टोकांना पिवळट भुकटी लागली होती. मागून आवाज आला, सरकन, मग भुरभुर. ती भ्याली नाही, वळलीही नाही. तिला कळलं होतं, की या पाठमोऱ्या म्हातारीकडे बघणारी ती एकटी नाही. मागं भिंतीकडे जमिनीलगत आणखी दोघं तिला जाताना बघत होती, आणि त्यांतलं आपलं कोणतं, हे तिला कधीच कळणार नव्हतं.